ताईची नक्कल

आमच्या घरातला दिवस ताईच्या आवाजाने सुरू व्हायचा. बाबांच्या कारखान्याची बस पावणेसहाला कोपऱ्यावर यायची, त्यामुळे पाचपासूनच स्वयंपाकघरात हालचाल असायची. आई डबा भरायची, ताई पोळ्या लाटायची, आणि लाटता लाटता काहीतरी गुणगुणायची. ते धड गाणं नसायचं. रेडिओवर ऐकलेली एखादी ओळ, तिच्यापुढे स्वतःचेच सूर, मध्येच "आई, तवा तापला गं," आणि परत तीच ओळ. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या भिंती अशा होत्या की हे सगळं पलीकडच्या काकूंना ऐकू जायचं. एकदा ताई तापाने झोपून होती, तेव्हा काकू दारात येऊन आईला म्हणाल्या, "आज तुमचं घड्याळ बंद पडलंय का? आमचा चहा उशिरा झाला." पुण्यात आपुलकी अशीच दाखवतात, हे आईला कळायला बरीच वर्षं गेली होती.

आई वर्ध्याकडची. बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि ती त्यांच्यामागे आली, पण तिची जीभ तिकडेच राहिली. जेवणात आणि बोलण्यातही. आमटीत गूळ घालायला तिने शेवटपर्यंत नकार दिला, आणि आठवड्यातून एकदा गोळाभात व्हायचाच, वरून कडकडीत फोडणीचं तेल घालून. "काय करून राहिली गं?" असं ती गॅलरीतून हाक मारून विचारायची, आणि खाली खेळणाऱ्या माझ्या मैत्रिणी हसायच्या. मला त्या हसण्याची फार भीती वाटायची. मग एक दिवस मीच आईच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली. मैत्रिणी पोट धरून हसल्या, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःहून खेळायला बोलावलं. नकला मी तिथे शिकले. ज्यांना हसतात त्यांच्यातून उठून हसणाऱ्यांत जाऊन बसायची ती सोपी वाट होती.

ताई, म्हणजे सुषमा, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बी.कॉम. झाल्यावर ती मार्केट यार्डात गुळाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या पेढीवर लागली, टेलिफोनवर. दोन फोन होते, आणि सकाळी लिलाव उरकले की ते थांबतच नसत. गावोगावचे लोक भाव विचारायला फोन करत, आणि शेटजींचं म्हणणं असं, की भाव कळल्यावरही लोक उगाच दोन मिनिटं जास्त बोलतात, कारण पलीकडे सुषमा असते. ती घरी यायची तेव्हा तिच्या ओढणीला गुळाचा वास असायचा. मी तेव्हा कॉलेज संपवून कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. ज्याला त्याला वाटत होतं की आता जग बदलतंय आणि कॉम्प्युटर शिकलेल्याला काही कमी पडणार नाही. आमच्या घरात तो बदल दोन तऱ्हांनी आला. बाबांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचे कागद फिरू लागले, आणि माझ्या नावाने मोठी स्वप्नं बघितली जाऊ लागली. ताईच्या नावाने फक्त स्थळं बघितली जात होती.

ती कधी बदलायला लागली हे मला नेमकं सांगता येणार नाही. एका दिवसात घडलं असतं तर आम्ही घाबरलो असतो. सकाळचं गुणगुणणं आधी कमी झालं, मग थांबलं. पोळ्या लाटायला तिला वेळ लागू लागला. सुटीच्या दिवशी जेवून जी आडवी व्हायची ती दिवे लागले तरी उठायची नाही. वजन वाढलं, आणि गंमत म्हणजे ती जेवायची माझ्याहून कमी. भर एप्रिलमध्ये, आम्ही फरशीवर पाणी शिंपडून बसलेलो असताना, ती स्वेटर घालून असायची. केस गळून न्हाणीघराच्या जाळीत अडकायचे आणि आई कटकट करायची. महिन्याच्या महिन्याला अंगावरून फार जायचं, चार-चार दिवस ती पांढरीफटक दिसायची. आईने आपल्या परीने उपाय केले. आळीवाचे लाडू, खजूर, कुठल्याशा लोहाच्या गोळ्या. "रक्त कमी आहे पोरीच्या अंगात," एवढं निदान आमच्या घरात पुरेसं होतं. बायकांना थकवा असतोच, असं आईचं मत होतं, कारण तिला स्वतःला तो नेहमीच होता आणि तिला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

आणि आवाज. तो जाड झाला. जणू तोंडात काहीतरी धरून ती बोलतेय. शब्दांमधलं अंतर वाढलं. "मंजू... जरा... पाणी दे गं," एवढं म्हणायला तिला इतका वेळ लागायचा की मी मध्येच उठून पाणी आणून ठेवायचे आणि ती तरी वाक्य पुरं करायची. मला ते फार मजेशीर वाटायचं. आज लिहिताना हा शब्द कागदावर ठेवायला लाज वाटते, पण मजेशीरच वाटायचं. मी तिला ऐदी म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. आणि तिची नक्कल करायला मी कधी सुरुवात केली हे मला आठवत नाही, पण ती उत्तम जमली हे पक्कं आठवतं. पापण्या अर्ध्या मिटायच्या, खांदे पाडायचे, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घ्यायचे, आणि खोल घशातून म्हणायचं, "हॅ... लो... गुळाचा... भाव ना... सांगते हं..." मावशीकडे, आत्याकडे, जिथे चार जणी जमतील तिथे "मंजू, सुषमाचं करून दाखव" अशी फर्माईश व्हायची.

एका उन्हाळ्यात गच्चीवर कुरडयांचं काम होतं. वर्ध्याहून मावशी आणि तिच्या दोघी मुली आल्या होत्या, सोसायटीतल्या तीन-चार बायका होत्या. जुन्या साड्या अंथरून आम्ही सोऱ्यातून कुरडया पाडत होतो. खाली घरात ताई गव्हाचा चीक शिजवत होती. ते हाटणं फार दमवणारं काम असतं, खांदे भरून येतात, आणि ते तिच्याकडे का होतं हे मला आता आठवत नाही. बहुतेक उन्हात बसायचा आम्हाला हट्ट होता म्हणून. मावसबहिणीने फर्माईश केली आणि मी सुरू केलं. त्या दिवशी मला नवीन सुचत होतं. चीक हाटणारी ताई, हाटता हाटता पातेल्यावरच झोपलेली ताई. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. पलीकडच्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मंजिरी, नक्कल छान करतेस. अक्कलही तितकीच असती तर बरं झालं असतं." त्यावर आणखी हसू झालं. मी वळून बघितलं तर गच्चीच्या दारात ताई उभी. हातात थाळी, थाळीत वाट्या, वाट्यांत गरम चीक आणि दूध-साखर. तिने ऐकलं की नाही हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर कशाचंच काही दिसत नसे, तो सुजल्यासारखा आणि एकसारखा झाला होता. "गार... होईल," ती म्हणाली. "खाऊन घ्या." मी वाटी घेतली. तिने ऐकलं नसणार, असं मी ठरवलं आणि चीक खाल्ला. साखर मागून घेतली, हेसुद्धा आठवतं.

पुढे मला नोकरी लागली. सेनापती बापट रस्त्यावर एक नवी सॉफ्टवेअर कंपनी होती, दोन हजार साल उजाडायच्या आत परदेशातल्या जुन्या प्रोग्रॅममधले सालाचे दोन आकडे शोधून त्यांचे चार करायचं काम. एअर कंडिशनर, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलण्यात अर्धं इंग्रजी. इथेही मी वर्ध्याच्या आईची आणि कारखान्यातल्या बाबांची मुलगीच होते, आणि इथेही मी तीच सोपी वाट धरली. जेवणाच्या टेबलावर मी नकला करायचे. साहेबाची, वॉचमनची, आणि जास्तीत जास्त ताईची. ती माझी बहीण आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. "आमच्या बिल्डिंगमधली एक आहे," असं म्हणायचे.

त्याच सुमारास ताईला फोनच्या कामावरून काढलं. लोक शेटजींना विचारू लागले होते की माणूस बदलला का, बाई झोपेतून उठल्यासारखं बोलतात. शेटजी भले होते, त्यांनी नोकरी ठेवली, पण तिला आत बसवून पाकिटांवर पत्ते लिहायचं काम दिलं. घरी येऊन तिने ते चार शब्दांत सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं, तितकीच डोक्याची कटकट कमी." बाबा पेपर वाचत होते. एक बऱ्यापैकी जमत आलेलं स्थळही तेव्हाच मोडलं. मुलाच्या आईने निरोप पाठवला, की मुलगी चांगली आहे, पण जरा मंद वाटली. मी त्या निरोपाचाही माझ्या नकलेत उपयोग केला.

एका रविवारी आमच्या टीम लीडरने सगळ्यांना कोथरूडला घरी जेवायला बोलावलं. मसालेभात, मठ्ठा, जिलबी असा बेत होता. त्यांची बायको डॉक्टर होती, बोलायला अगदी मोजकी. आम्ही त्यांना मृणालताई म्हणत होतो. जेवणं झाल्यावर सगळे दिवाणखान्यात पसरले आणि कुणीतरी म्हणालं, "मंजिरी, ती बिल्डिंगवाली कर." मी उभी राहिले. गुळाचा भाव झाला, स्वेटर झाला, मग पाण्याचं ते लांबलेलं वाक्य झालं. हसण्याचा आवाज वाढत गेला आणि त्यात मला मृणालताई दिसल्या. त्या हातातली जिलबीची ताटली खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"ही बाई खरी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे, आमच्या इथे राहते."

"अशीच बोलते? तू वाढवून करतेयस का?"

"नाही हो, अशीच बोलते." मला अजून ते कौतुकच वाटत होतं.

"पूर्वीपासून?"

मी पाडलेले खांदे सरळ केले. "नाही. पूर्वी छान बोलायची."

त्यांनी मला आत नेलं. स्वयंपाकघरात खरकट्या ताटांचा ढीग होता, त्याच्याशेजारी उभं राहून त्या एकेक विचारत गेल्या. थंडी वाजते का? सकाळी पापण्या सुजलेल्या असतात का? भुवयांचे बाहेरचे केस विरळ झालेत का? पाळीत जास्त जातं का? शौचाला त्रास? विसरते का? प्रत्येक प्रश्नाला मी "हो" म्हणत होते, आणि प्रत्येक "हो" माझ्या नकलेतला एकेक तुकडा होता. ताईकडे माझ्याइतकं बारकाईने घरात कुणी बघितलंच नव्हतं. भुवया विरळ झाल्यात हे आईलासुद्धा माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्यावर मी एकदा हशा मिळवला होता.

"थायरॉइड असणार," मृणालताई म्हणाल्या. "बायकांमध्ये खूप दिसतो आणि खूप उशिरा कळतो. रक्ताची साधी तपासणी आहे. तिच्या घरच्यांना सांगशील? अशीच सोडली तर कठीण होतं."

"सांगते."

"कोण आहे ती तुझी?"

बाहेर कुणीतरी माझीच नक्कल पुढे चालवायचा प्रयत्न करत होतं आणि ती जमत नव्हती. "बहीण," मी म्हणाले. "सख्खी."

मृणालताईंनी चिठ्ठी लिहिली, माझ्या हातात दिली, आणि ताटं विसळायला घेतली. त्या मला ओरडल्या असत्या तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.

घरी मी खोटं सांगितलं. कंपनीतल्या एका साहेबांची बायको डॉक्टर आहे, मी त्यांना ताईच्या तब्येतीबद्दल मुद्दाम विचारलं, असं म्हणाले. आईचा विश्वास बसला नाही, आजाराच्या नावावर नव्हे, मी मुद्दाम विचारलं यावर. "तू विचारलं?" ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा इतका मऊ झाला की मला तिथे बसवेना. शनिवार पेठेत मृणालताईंच्या माहितीची लॅब होती. सकाळी उपाशीपोटी मी ताईला रिक्षाने घेऊन गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी तिला नाव विचारलं. ती सांगेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि म्हणाले, "सावकाश. आम्ही एकपर्यंत उघडे आहोत." बाकावरचे दोघे हसले. मला त्या माणसाचा इतका राग आला की माझे कान तापले. मग माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मला सुचलं असतं तर मी ते वर्षभर वापरलं असतं.

रिपोर्टमधला आकडा इतका वर होता की लॅबने तो दोनदा तपासून घेतला होता. गोळी सुरू झाली. रोज सकाळी अनशा पोटी, पाण्याबरोबर, आणि त्यानंतर बराच वेळ चहा नाही. आईला त्या चहा नसण्याचीच काळजी जास्त होती. पहिले काही आठवडे काहीच घडलं नाही. मग एक दिवस ताईने स्वेटर धुऊन ट्रंकेत टाकला. तिची पाळी आटोक्यात आली, चेहऱ्याची सूज उतरली आणि आतून तिचा जुना चेहरा हळूहळू वर आला. चेहरा परत आला तसा तिचा रागही परत आला. दुधाचं पातेलं मी उघडं ठेवलं म्हणून ती माझ्यावर खेकसली, आणि आई डोळ्यांना पदर लावून हसली. आवाज सगळ्यात शेवटी आला, आणि वरचे सूर आलेच नाहीत. शेटजींनी तिला पुन्हा फोन दिला नाही, तिथे आता दुसरी मुलगी होती. वर्षभराने ताईने मार्केट यार्ड सोडलं आणि एका शाळेच्या कार्यालयात लागली.

आई आल्यागेल्याला सांगू लागली. "आमच्या मंजूमुळे कळलं. एवढी मोठी नोकरी, पण बहिणीकडे लक्ष बघा." मावशीने वर्ध्याहून पत्र लिहिलं. पलीकडच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "मंजिरी, तुझ्याबद्दलचं मत मी थोडं बदललंय. थोडंच." मी प्रत्येक वेळी खाली बघायचे आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. नकला मी बंद केल्या होत्या. ऑफिसात विचारलं तर घसा बसलाय म्हणायचे.

शेवटी मला ते सहन होईना. एका सकाळी ताईने गोळी घेतली होती आणि चहाची वेळ होईपर्यंत ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. कोथरूडचं जेवण, तो हशा, "बिल्डिंगमधली एक", सगळं. ती निवडत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कोथरूडचं?"

"ते नाही. नकलेचं. गच्चीवर मी बऱ्याच वेळची उभी होते. थाळी जड होती, पण दारातून पुढे येता येईना."

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिने हातानेच थांब म्हटलं.

"त्याच आठवड्यात मी डॉक्टरकडे जाणार होते. पेढीवरच्या एका बाईंनी त्यांच्या लेडी डॉक्टरचा पत्ता दिला होता. गुरुवारी चार वाजताची वेळ घेतली होती, शेटजींना विचारूनसुद्धा ठेवलं होतं." तिने एक काडी बाजूला काढली. "मग तुझं ऐकलं. सगळ्या हसत होत्या. मला वाटलं, डॉक्टरना सांगणार काय मी? की मला झोप येते, मी हळू बोलते, मला काम होत नाही? त्याही हसतील. हा काही आजार नाही, मी अशीच आहे, असं वाटलं. गेले नाही."

गच्चीपासून कोथरूडपर्यंत जवळजवळ दोन वर्षं गेली होती. फोन, ते स्थळ, वरचे सूर, सगळं त्या दोन वर्षांत गेलं होतं. मी बसल्या जागी हिशोब करत होते आणि ताईला तो कळत होता.

"आईला सांगते," मी म्हणाले. "सगळ्यांना खरं सांगते."

"आईला काही सांगायचं नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज तेव्हा बराच मोकळा झाला होता. "तिला तुझा अभिमान वाटतोय. तुला बरं वाटावं म्हणून तिचा तो काढून घेऊ नकोस. तुझं तू सांभाळ." मग तिने घड्याळ बघितलं आणि मेथीची पाटी माझ्याकडे सरकवली. "एवढी निवड. मी चहा टाकते."

आई गेली तेव्हा तिला खरं माहीत नव्हतं. तिच्या दिवसांत भेटायला आलेली मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, की सुषमाला मंजूने वाचवलं, आणि ताई माझ्याशेजारी बसून शांतपणे "हो" म्हणाली. ताईने उशिरा लग्न केलं, चांगलं झालं. आता ती निवृत्त होऊन सिंहगड रस्त्याला राहते, रोज सकाळी गोळी घेते, आणि आमचं फोनवर रोज बोलणं होतं. तिने मला माफ केलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणेल.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी कागद तिच्याकडे पाठवले, तिची हरकत असेल तर छापणार नाही असं कळवलं. आठवड्याने कागद परत आले. शुद्धलेखनाच्या दोन चुका तिने दाखवल्या होत्या. आणि सुरुवातीला, तिच्या आजाराबद्दल लिहिताना, मी "घरात सगळे तिला ऐदी म्हणत" असं लिहिलं होतं, तिथे पेन्सिलीने "सगळे" खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मंजू". तिच्या म्हणण्याप्रमाणे मी ते वाक्य बदललं आहे.